पाच अंशांवरचं कासव: पाळीव कासवाची शीतनिद्रा नीट कशी पार पाडायची

फ्रिजमध्ये कासव ठेवतात, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. छळच वाटतो तो. पण कासव थंडीत झोपणाऱ्या जातीचं असेल आणि तब्येतीने ठणठणीत असेल, तर हिवाळ्यात त्याला ठेवायच्या सगळ्या जागांमध्ये फ्रिज ही बहुधा सर्वांत कमी धोक्याची. खरा छळ होतो तो ना धड गार, ना धड उबदार अशा खोलीच्या कोपऱ्यात. तिथे ठेवलेल्या खोक्यात कासव नीट झोपत नाही आणि नीट जागंही राहत नाही. असं का होतं ते एकदा कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आपण झोपतो तेव्हा अंगाची ऊब कायम असते. कासवाच्या अंगात अशी स्वतःची भट्टी नाही. भोवताल जितका गरम तितकं त्याचं अंग गरम, आणि अंग जितकं गरम तितक्या वेगाने आतला कारभार चालणार. तापमान उतरलं की हृदयाचे ठोके, श्वास, पचन, सगळंच मंदावतं. रात्री कंदिलाची वात बारीक करून ठेवावी तसं. ज्योत विझत नाही, पण तेल पुरतं. इथे तेल म्हणजे उबेच्या महिन्यांत साठवलेली चरबी, यकृतातली साखर आणि मूत्राशयातलं पाणी. या शिदोरीवर त्याला दोन-तीन महिने काढायचे असतात.

५ अंश सेल्सिअस हा आकडा याच हिशेबातून येतो. ३ ते ७ अंशांच्या पट्ट्यात वात पुरेशी बारीक राहते आणि विझायची भीती नसते. शून्याखाली गेलं की शरीरातलं पाणी गोठू लागतं. पाय आणि डोळे त्यात सापडतात. अशा गारठ्यातून जिवंत उठलेली, पण कायमची आंधळी झालेली कासवं पशुवैद्यांना नवीन नाहीत. दुसऱ्या बाजूला १० अंशांच्या वर गेलं की कासव चुळबुळायला लागतं. १० ते १५ हा पट्टा सर्वांत फसवा. पचन होण्याइतकी ऊब त्यात नाही आणि गाढ झोपेइतकी थंडीही नाही. कासव खात तर नाहीच, वर चरबी भराभर जाळत बसतं. ‘आमचं कासव कपाटाखाली आपलं आपण झोपलं,’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की मला धास्तीच वाटते. ते झोपलेलं नसतं, उपाशी असतं.

पण फ्रिजकडे वळण्याआधी एक प्रश्न, आणि तो चुकला तर पुढचं सगळं चुकलं: तुमचं कासव शीतनिद्रा घेणाऱ्या जातीचं आहे का? जमिनीवरच्या सगळ्या कासवांना ही सवय नसते. भूमध्य समुद्राभोवतीचं हर्मनचं कासव, ग्रीक कासव, मागच्या बाजूला कवच झालरीसारखं पसरलेलं मार्जिनेटेड, आणि मध्य आशियातल्या गवताळ, रखरखीत मुलखातलं हॉर्सफील्डचं म्हणजेच रशियन कासव, ही झोपणारी मंडळी. सुलकाटा, लेपर्ड, रेड-फूटेड, तारका कासव आणि इजिप्शियन कासव ही झोपत नाहीत; त्यांना फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे त्यांना मारणंच. ग्रीक कासवांतही उत्तर आफ्रिकेकडच्या काही प्रकारांना लांब शीतनिद्रा मानवत नाही. जात नक्की माहीत नसेल तर आधी जाणकाराकडून ओळख पटवून घ्या. ती पटेपर्यंत कासव दिव्याखालीच राहू द्या.

शीतनिद्रेत कासवं मरतात असं आपण म्हणतो. माझं मत विचाराल तर बहुतेकांचं मरण थंडी सुरू व्हायच्या दीड-दोन महिने आधीच ठरलेलं असतं. ब्रिटनमध्ये एके काळी भूमध्य कासवं लाखोंनी आयात होत. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने या व्यापारी आयातीवर बंदी घातली. त्याआधी आलेल्यांपैकी कितीतरी कासवं पहिल्याच हिवाळ्यात गेली. प्रवासात खंगलेली, जंतांनी पोखरलेली, कोरडी पडलेली कासवं तशीच खोक्यात जात आणि वसंतात खोकं उघडलं की नुसतं कवच हाती येई. त्याच काळात तिथले पशुवैद्य ऑलिफंट जॅक्सन यांनी हर्मनच्या आणि ग्रीक कासवांची लांबी आणि वजन यांची सांगड घालणारा तक्ता तयार केला. पाठीच्या कवचाची सरळ रेषेतली लांबी मोजायची, वजन करायचं आणि त्या लांबीच्या निरोगी कासवाशी ताडून बघायचं. तक्ता आजही वापरतात, पण तो त्या दोन जातींपुरताच. हॉर्सफील्डचं कासव आकाराने गोल आणि बसकं, मार्जिनेटेड लांबुळकं. त्यांना तो लावला तर उत्तर चुकीचं येतं. शिवाय वजन भरलं म्हणजे तब्येत चांगली असंही नाही. पोटात अंडी असली, खडा असला किंवा अंगाला सूज असली तरी काटा खूशच दाखवतो.

म्हणून झोपवण्याच्या सहा-आठ आठवडे आधी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला कासव दाखवायचं, शेणाची जंतांसाठी तपासणी करून घ्यायची. घरी तुम्हाला बघण्यासारखंही बरंच असतं. नाकातून पाणी किंवा फेस येतो का? पापण्या सुजल्यात का? कानाच्या पडद्यावर, म्हणजे डोळ्यांच्या मागच्या गोल चकतीवर, फुगवटा दिसतो का? तोंड उघडलं तर आत स्वच्छ गुलाबी दिसतं की पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखं काही चिकटलंय? यांतलं एकही लक्षण दिसलं तर यंदा झोप नाही. थंडीत अंगातली रोगाशी लढणारी यंत्रणाही मंदावते, त्यामुळे आत्ताचं बारीकसं दुखणं तीन महिन्यांनी बारीक राहत नाही. आणि जंतांचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. कुत्र्यामांजरांना, गुरांना सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाचा जीव घेतं.

यंदा झोप नाही, म्हणजे काही बिघडलं असंही नाही. उष्णतेचा दिवा, अतिनील किरण देणारा दिवा, रोज बारा-चौदा तास उजेड आणि नेहमीसारखा चारा, एवढं दिलं तर कासव एक हिवाळा जागेपणी छान काढतं. मात्र मग पूर्ण जागंच ठेवायला हवं. दिवा चार तास आणि खोली गारच, असली तडजोड पुन्हा त्याच फसव्या पट्ट्यात नेऊन सोडते.

उपास, पण पाण्याचा नाही

कासव पोट भरून झोपी गेलं तर काय होतं? चारा पचायला ऊब लागते, कारण तो पचवण्याचं निम्मं काम आतड्यातले जिवाणू करतात. थंडीत पचन थांबतं आणि चारा आत तसाच सडू लागतो. वायू धरतो, विष भिनतं. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून वरच्या बाजूला असतात, आणि आपल्यासारखा पोट व छाती वेगळा करणारा भक्कम पडदा त्याला नसतो. कवच तर ताणत नाही. मग फुगलेलं आतडं थेट फुप्फुसांवर दाब देतं.

म्हणून आधी पोट रिकामं करायचं. मोठ्या कासवाला साधारण तीन ते चार आठवडे चारा बंद, अगदी लहानग्याला एक ते दोन आठवडे पुरतात. इथे सर्रास होणारी चूक अशी की चारा ज्या दिवशी बंद, त्याच दिवशी दिवाही बंद. मग आतलं अन्न पुढे सरकणार कसं? पहिला पंधरवडा-तीन आठवडे ऊब नेहमीसारखीच ठेवायची, आतडं चालू द्यायचं. नंतर दिव्याचे तास रोज थोडे थोडे कमी करायचे, खोली गार करत आणायची. शेवटच्या आठवड्यात कासव आपसूक एका कोपऱ्यात जाऊन माती उकरायला लागतं, हालचाल जड होते, मान बाहेर काढायचाही कंटाळा दिसतो.

या सगळ्या दिवसांत पाणी मात्र भरपूर. रोज किंवा दिवसाआड, हनुवटीपर्यंत येईल इतक्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवायचं. ते पाण्यात तोंड बुडवून गळा हलवत पितं, बहुतेकदा तिथेच शेण आणि लघवी करतं. ती घाण बघून नाक मुरडू नका. तुम्हाला हवी ती बातमी त्यातच आहे. शेण येईनासं झालं की आतडं रिकामं झालं. लघवीबरोबर पांढरा पदार्थ येतो तो युरेट. तो दह्यासारखा मऊ असेल तर अंगात पाणी आहे. ओल्या वाळूसारखा रवाळ असेल तर कासव कोरडं पडलंय, झोप पुढे ढकला. भरलेलं मूत्राशय ही त्याची पाण्याची टाकी असते. हिवाळाभर ते त्यातलं पाणी परत ओढून वापरतं आणि रक्तातला कचरा त्यातच साठवतं.

खोकं, माती आणि फ्रिज

खोकं कासवाच्या दीडपट-दुप्पट, झाकणाला आणि बाजूंना हवेची भोकं, आत त्याला स्वतःला पुरून घेता येईल इतकी सैल, किंचित ओलसर माती. बारीक कापलेला कागदही चालतो, पण तो अंगातला ओलावा ओढून घेतो. गवत नको, त्याला बुरशी धरते.

हे खोकं फ्रिजमध्ये. बर्फाचा कप्पा नसलेला साधा फ्रिज त्यासाठी वेगळा ठेवावा. घरातल्या भाजी-दुधाच्या फ्रिजचं दार दिवसातून वीस वेळा उघडतं, तो कामाचा नाही. कासव ठेवायच्या दोन-तीन आठवडे आधी फ्रिज चालू करून नुसता निरखायचा. आत पाण्याने भरलेल्या बाटल्या रचून ठेवल्या की तापमानाचे हेलकावे कमी होतात. सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर घ्या आणि त्याची तार खोक्यातच, कासवाच्या पातळीला सोडा. फ्रिजच्या दारावर दिसणाऱ्या आकड्यावर मुळीच विसंबू नका. खोकं मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे बर्फ धरतो. दर दोन-तीन दिवसांनी दार क्षणभर उघडून हवा बदला. कासवाला श्वास अगदी थोडा लागतो, पण लागतो.

आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात येते. फ्रिजला फक्त गार करता येतं, गरम करता येत नाही. फ्रिज उघड्या पडवीत किंवा गॅरेजमध्ये असेल आणि बाहेर उणे पाच अंश झाले, तर फ्रिज बंद राहील आणि आतलं तापमान हळूहळू शून्याखाली उतरेल. तेव्हा तो घरात, वावर असलेल्या जागीच असावा.

फ्रिजऐवजी जुन्या पद्धतीने खोक्यात खोकं ठेवून मध्ये थर्मोकोलचे तुकडे भरणारे पुष्कळ लोक आहेत. चुकीचं नाही, पण थर्मोकोल ऊब तयार करत नाही, बाहेरचा बदल आत पोहोचायला उशीर लावतो इतकंच. खोलीचं तापमान हिवाळाभर ३ ते ७ मध्ये राहत असेल तरच ही पद्धत चालते, आणि तशी खोली फार थोड्या घरांत असते. बागेत कासवाला स्वतःच पुरून घेऊ देणं सर्वांत नैसर्गिक वाटतं खरं, पण तिथे तुमच्या हातात काहीच नसतं. पाणी साचलं, गोठण कासवापर्यंत पोहोचली, तर कळणारही नाही. आणि उंदीर-घुशींना हलू न शकणारं कासव म्हणजे आयतं अन्न. ते पाय कुरतडून टाकतात.

कासवी म्हणे नुसत्या नजरेने पिल्लं पोसते. शीतनिद्रेतल्या कासवाला मात्र नुसती नजर पुरत नाही, वजनकाटा लागतो.

समजा, तुमचं कासव झोपायला गेलं तेव्हा १२०० ग्रॅम होतं. निरोगी मोठं कासव महिन्याला सुमारे एक टक्का घटतं, म्हणजे १२ ग्रॅमच्या आसपास. दर आठवड्याला खोकं काढायचं, माती हलकेच बाजूला करायची, कासव अलगद उचलून काट्यावर ठेवायचं. वहीत आकडे उतरत जातात: ११९७, ११९४, ११९१, ११८८. सगळं ठीक. पाचव्या आठवड्यात काटा दाखवतो ११६२. एका आठवड्यात २६ ग्रॅम कुठे गेले? चरबी इतक्या लवकर जळत नाही. माती चाचपून बघितली तर एका जागी ती चिकट, गडद झालेली असते, कासवाचा मागचा भाग ओला असतो. त्याने लघवी केली. टाकी रिकामी झाली. आता त्याला उठवायचं, दुसरा मार्ग नाही. तसंच पुन्हा ठेवलं तर उरलेले आठवडे ते कोरडं पडत जाईल. आणि असा अपघात न होताही एकूण घट दहा टक्क्यांपर्यंत पोहोचली, आपल्या उदाहरणात १०८०, तर झोप संपली. दहा ही हद्द आहे, तिथवर जाऊ देण्याचं उद्दिष्ट नव्हे. या दहा टक्क्यांवरून एक गंमत आठवते. सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत संघाच्या झोंड-५ यानातून हॉर्सफील्ड जातीची कासवं चंद्राला वळसा घालून आली होती, तीही उपाशीपोटी. परतल्यावर त्यांचं वजन सुमारे दहा टक्क्यांनी उतरलेलं आढळलं, पण भूक उत्तम होती.

वजन करताना मागच्या पायाला बोट लावून बघा. जिवंत कासव पाय जरासा आत ओढतं, सावकाश, जणू ऐकू यायलाच दोन सेकंद लागलेत. तेवढी खूण पुरे. उगाच हलवून, बोलावून जागं करू नका, कारण प्रत्येक वेळी जागं होताना इंधन जळतं. इंग्लंडमधल्या सेल्बोर्नचे निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी मार्च १७८० मध्ये आपल्या दिवंगत आत्याचं कासव, टिमथी, झोपेतून उकरून काढलं आणि घोडागाडीतून ऐंशी मैल घरी आणलं. हादऱ्यांनी ते इतकं जागं झालं की बागेत सोडल्यावर दोनदा पार टोकापर्यंत चालत गेलं, आणि संध्याकाळी गार पडताच पुन्हा मातीत शिरलं. टिमथीला ते निभावलं आणि तो पुढे कित्येक वर्षं जगला. किंवा जगली म्हणा, कारण नंतर कळलं की ती मादी होती. पण अशी फेरी दर आठवड्याला घडवून आणली तर साठा किती दिवस पुरेल?

किती आठवडे? पहिल्यांदाच झोपणाऱ्या पिल्लाला तीन-चार पुरे. मोठ्याला आठ ते बारा. चार महिन्यांच्या पुढे नेऊ नका, बाहेर बर्फ असलं तरी.

उठवण्याचा दिवस

उठवताना घाई करायची असते, आणि हे ऐकून लोक चक्रावतात, कारण झोपवताना सगळं संथ होतं. खोकं काढून खोलीच्या तापमानाला काही तास ठेवायचं, कासव हलायला लागलं की त्याच दिवशी दिव्याखाली न्यायचं, जिथे ऊब घ्यायच्या जागी ३० अंशांच्या आसपास तापमान असेल. कारण असं: ऊब मिळाली की यकृत उरलेली साखर रक्तात सोडतं, कासवाला एकदम तरतरी येते. त्या तरतरीत त्याने पाणी प्यायला आणि खायला हवं. उठवून पुन्हा गार खोलीत ठेवलं तर ती साखर नुसती संपून जाते, आणि मग कासव खायचंच नाव घेत नाही. पशुवैद्यांकडे वसंतात येणाऱ्या कासवांची नेहमीची तक्रार हीच असते.

आधी पाणी, मग चारा. तीन महिन्यांचा कचरा रक्तात साठलेला असतो, युरिया वाढलेला असतो, आणि तो बाहेर पडेपर्यंत भूक लागत नाही. पहिल्याच दिवशी कोमट पाण्यात बसवा. कधी ते लगेच मान खाली घालून दहा मिनिटं पीत राहतं, कधी पहिल्या दिवशी बघतही नाही. पहिले सात-आठ दिवस रोज बसवत राहा. पाण्यात पांढऱ्या युरेटचा लोळ दिसला की वाट मोकळी झाली. तोंड, डोळे, नाक पुन्हा तपासा, आणि वजन वहीत टिपा.

बहुतेक कासवं दोन-तीन दिवसांत काहीतरी हिरवं तोडतात. आठवडा उलटून गेला आणि चाऱ्याला तोंड लावलं नाही, किंवा पाण्यात बसूनही लघवी झाली नाही, तर वहीसकट पशुवैद्याकडे न्या. त्यातले आठवड्याचे आकडे त्यांना रक्ततपासणीइतकेच उपयोगी पडतात. बाहेर थंडीची आणखी एक लाट आली तरी हे कासव पुन्हा फ्रिजमध्ये ठेवू नका. त्याच्या कंदिलातलं तेल संपत आलेलं असतं, आणि ते पुन्हा भरायला आता दिवा, पाणी आणि चारा लागणार.